महाडच्या सत्याग्रहाची दुसरी तारीख

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त सभा, व्याख्याने, विशेषांक, तळ्याभोवती रोषणाई असे जे जे व्हायचे ते होईल, आणि ते व्हायलाच हवे. माझे मागणे मात्र थोडे निराळे आहे. या सत्याग्रहाला आणखी एक तारीख आहे, १७ मार्च १९३७, आणि ती आमच्या रायगड जिल्ह्यातसुद्धा फारशी कुणाच्या ध्यानात नसते. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या दाव्यातील वादींचे, म्हणजे तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव मागणाऱ्या सवर्णांचे, अपील फेटाळले आणि दहा वर्षांपूर्वी एका ओंजळीने सुरू झालेली गोष्ट निकालपत्राने पुरी झाली. मी दिवाणी न्यायालयांत कारकुनी करण्यात आयुष्य घालवलेला माणूस आहे. तारखा पडणे, साक्षीदार न येणे, नकलांसाठी खेटे घालणे आणि शेवटी पक्षकाराने कंटाळून तडजोड करणे, हे मी रोज पाहिले आहे. म्हणूनच कदाचित ही दुसरी तारीख मला पहिलीइतकीच मोठी वाटते.

सत्याग्रह म्हणजे कायदेभंग, हे समीकरण मिठाच्या सत्याग्रहामुळे आपल्या मनात पक्के बसले आहे. महाडला प्रकार नेमका उलटा होता. मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला होता. सरकारी अथवा सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले असावेत, असा तो ठराव होता. सरकारने तो स्वीकारून त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अंमलबजावणीचा आदेश काढला आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागद सगळे जागेवर होते. तरीही १९२७ उजाडेपर्यंत महाडच्या एकाही महाराला वा चांभाराला त्या तळ्याचे पाणी भरता आले नव्हते. अशा नगरपालिका एकट्या महाडच्या नव्हत्या, म्हणूनच १९२६ साली बोले यांना पुन्हा उभे राहून, हा ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे सरकारी अनुदान बंद करा, असे सुचवावे लागले. ठराव करणे आणि तो पाळणे यांत आपल्याकडे केवढे अंतर असते, ते नगरपालिकेच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही सांगायला नको.

त्या पार्श्वभूमीवर १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा (म्हणजे आजच्या रायगड) जिल्ह्याची बहिष्कृत परिषद महाडला भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी ती घडवून आणली. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आणि बापूसाहेब सहस्रबुद्धे हे सवर्ण समाजातील सहकारीही सोबत होते. परिषदेला जमलेल्या हजारो माणसांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले, आणि ते अशा गावात, जिथे चार-पाच एकरांचे तळे कागदोपत्री त्यांच्यासाठी खुले होते. दुसऱ्या दिवशी मंडळी रांगेने तळ्यावर गेली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाणी प्याले, इतरांनी प्याले आणि लोक परत मंडपात आले. त्यांनी कोणताही कायदा मोडला नाही. कायद्याने दिलेली मुभा वापरून पाहिली, इतकेच.

पुढे काय झाले ते शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत येते. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि परतीच्या तयारीत असलेल्या, जेवणाला बसलेल्या माणसांवर लाठ्याकाठ्या पडल्या. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले पेन्शनर होते. हाणामारीत ते कमी पडले असते असे नाही. बाबासाहेब डाक बंगल्यात होते. संतापलेले लोक त्यांच्या एका शब्दाची वाट पाहत होते आणि तो शब्द त्यांनी दिला नाही. शांत राहा, कायद्याच्या मार्गाने जाऊ, असे सांगून त्यांनी लोकांना आवरले. फिर्यादी झाल्या, खटला चालला आणि जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या दिवशी मंडपातून एक जरी काठी उलट फिरली असती, तर फौजदारी खटला दोन्ही बाजूंवर झाला असता आणि दंगल म्हणून प्रकरण मिटले असते, असे मला माझ्या अनुभवावरून वाटते. अहिंसा ही हळव्या मनाची गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा. मार खाल्लेल्या माणसाने हात न उचलल्यामुळे कोण गुन्हेगार आणि कोण फिर्यादी हे न्यायालयासमोर अगदी स्वच्छ राहिले.

बाटलेले तळे १०८ घागरी पाणी उपसून आणि दही, दूध, शेण, गोमूत्र ओतून ‘शुद्ध’ करण्यात आले, हे प्रसिद्धच आहे. त्यामानाने कमी प्रसिद्ध आहे ते नगरपालिकेचे शुद्धीकरण. बोले यांचा ठराव मंजूर झाल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, महाड नगरपालिकेने १९२४ सालचा आपला ठराव रद्द केला. तारीख मुद्दाम निवडली होती की योगायोग होता, कोण जाणे.

मला विशेष सांगायचे आहे ते डिसेंबरबद्दल, कारण या सत्याग्रहाची खरी कसोटी तेव्हा लागली. २५ डिसेंबरपासून पुन्हा परिषद आणि पुन्हा तळ्यावर जाण्याचा निर्धार जाहीर झाला होता. १२ डिसेंबरला महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दुय्यम दिवाणी न्यायालयात दावा लावला, तळे खासगी असल्याचे म्हणणे मांडले आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. इकडे परिषदेला कोणी सवर्ण जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. बाबासाहेब आणि मुंबईची मंडळी ‘पद्मावती’ बोटीने निघून दासगाव बंदराला उतरली आणि तिथून पाच मैल चालत महाडला पोचली. पहिल्या दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी प्रश्न तळ्याचा आला. तुरुंगात जायला तयार असलेल्यांची नावे नोंदवली गेली, ती ३,८८४ भरली. जिल्हाधिकारी स्वतः मंडपात येऊन, दिवाणी न्यायालयाचा हुकूम मोडू नका, असे सांगून गेले. माणसे ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती, आणि का असावीत? कायदेमंडळाने दिले, सरकारने दिले, नगरपालिकेने दिले आणि काढूनही घेतले, आता न्यायालयाने अडवले. अजून किती दारे ठोठवायची, असे कोणालाही वाटले असते.

तरी बाबासाहेबांनी त्या लोकांची समजूत घातली. आपले भांडण हक्क अडवणाऱ्यांशी आहे, सरकारशी नाही. मनाई हुकूम मोडला तर ते सरकारशी होईल आणि अडवणारे बाजूला राहून गंमत पाहतील, असा त्यांचा रोख होता. शिवाय हुकूम तात्पुरता होता आणि दाव्याचा निकाल व्हायचा होता. अखेर दावा निकाली लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव झाला आणि २७ डिसेंबरला हजारो माणसांनी पाण्याला हात न लावता तळ्याभोवती मिरवणूक काढली. ओंजळीने पाणी पिणारे बाबासाहेब पुतळ्यांत आणि चित्रांत जागोजागी दिसतात. पाणी हाताशी असताना ते न पिता तळ्याला वळसा घालून गेलेली ती हजारो माणसे मात्र कुठल्या शिल्पात मी पाहिलेली नाहीत. माझ्या मते हक्क माहीत असून, संख्या हाताशी असून, मार खाल्लेला असून न्यायालयाच्या एका चुकीच्या आणि तात्पुरत्या हुकुमाचा मान राखणे, हे त्या चळवळीतले सर्वांत अवघड काम होते. आजचे काही तरुण मित्र याला माघार म्हणतात. मी तसे म्हणणार नाही, कारण मला पुढची नऊ वर्षे ठाऊक आहेत.

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, पण दावा चालूच राहिला. महाडच्या न्यायालयाचा निकाल ८ जून १९३१ रोजी लागला, ठाण्याच्या न्यायालयाने अपील ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले आणि उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी. दावा दाखल झाल्यापासून नऊ वर्षे आणि तीन महिने. या काळात प्रतिवादी क्रमांक एक असलेले डॉ. आंबेडकर लंडनच्या गोलमेज परिषदांना जाऊन आले, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह झाला, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा ते मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत नुकतेच निवडून आले होते. इतक्या धामधुमीतही एका तालुक्याच्या गावातला पाण्याचा दावा त्यांनी आणि त्यांच्या सहप्रतिवादींनी वाऱ्यावर सोडला नाही. सहप्रतिवादी साधी माणसे होती. कोर्टाची तारीख म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणे, हे गणित तेव्हा होते आणि आजही आहे.

या निकालांचा मजकूरही वाचण्यासारखा आहे. तळे खासगी आहे हे वादींचे म्हणणे टिकले नाही. ते नगरपालिकेचे ठरले. मग उरली वहिवाट. महाडच्या न्यायाधीशांनी असे मानले की, अस्पृश्यांनी पाणी न भरण्याची रूढी बरीच जुनी दिसते खरी, पण सार्वजनिक तळ्याचा एकाने वापर केला आणि दुसऱ्याने केला नाही, एवढ्यावरून वापरणाऱ्याला वेगळा हक्क मिळत नाही आणि न वापरणाऱ्याचा हक्क जात नाही. तालुक्याच्या न्यायालयातले हे एक वाक्य मला उच्च न्यायालयाच्या निकालापेक्षा अधिक मोलाचे वाटते. ते पाण्याला जसे लागू आहे, तसे मतदानाला, ग्रामसभेला, माहिती मागण्याला, फिर्याद नोंदवण्याला, सगळ्याला लागू आहे. वर्षानुवर्षे एखाद्याने आपला हक्क वापरला नाही, म्हणून तो त्याचा उरत नाही, असे समजणारे लोक आजही प्रत्येक कचेरीत भेटतात.

उच्च न्यायालयाने त्यामानाने हात आखडता घेतला. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी एवढेच म्हटले की, अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. ती सिद्ध झाली असती, तर ती अन्याय्य किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, याचा कदाचित विचार करावा लागला असता. पण ती सिद्धच न झाल्याने त्या प्रश्नात शिरण्याची गरज नाही. म्हणजे अस्पृश्यता चूक आहे, असे त्या निकालपत्राने कुठेही म्हटलेले नाही. पुरावा थोडा अधिक भक्कम असता, तर काय झाले असते, ही शंका मनात राहतेच. ती शंका पुढे राज्यघटनेने मिटवली. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते ही यादी आली. १९२३ सालच्या बोले ठरावाशेजारी ती यादी ठेवून वाचली की महाडचे पाणी कुठवर पोचले ते दिसते. जाता जाता एक सांगतो: हेच ब्रूमफील्ड १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला न्यायाधीशाच्या खुर्चीत होते आणि त्यांनीच महात्मा गांधींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा दिली होती. कायदा मोडल्याचे कबूल करून शिक्षा मागणारा सत्याग्रही आणि कायदा पाळला जावा म्हणून प्रतिवादी झालेला सत्याग्रही, हे दोघेही पंधरा वर्षांच्या अंतराने एकाच न्यायाधीशासमोर आले, ही इतिहासाची गंमतच म्हणायची.

यावर एक आक्षेप हमखास येतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनीच कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग आता सोडून द्यावेत, ते अराजकाचे व्याकरण आहे, असे सांगितले नव्हते का? सांगितले होते. एखाद्या गावात लोक पंचायतीसमोर शांतपणे बसले, तरी हे वाक्य त्यांच्या तोंडावर फेकले जाते. पण त्याच ठिकाणी त्यांनी असेही म्हटले आहे की, घटनात्मक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा त्या मार्गांचे समर्थन होऊ शकत होते, आणि आता घटनात्मक मार्ग खुले असताना ते होऊ शकत नाही. हे वाक्य नागरिकांना जितके बांधते, तितकेच ते घटनात्मक मार्ग खुले ठेवण्याची जबाबदारी असलेल्यांनाही बांधते. अर्ज घेतला जाईल, नोंद होईल, तारीख लागेल, निकाल लागेल आणि निकालाची अंमलबजावणी होईल, हे गृहीत धरूनच ते बोलले असणार. आणि ठरावाने खुल्या झालेल्या तळ्यावर रांगेने जाणे, मार बसल्यावर फिर्याद देणे, मनाई हुकूम आल्यावर थांबणे आणि नऊ वर्षे दावा लढवणे, यांतली कोणती गोष्ट अराजकात मोडते, ते मला कोणी समजावून सांगावे.

हे सारे आज का लिहावेसे वाटले, तेही सांगतो. १९२७ च्या मार्चनंतर परिषदेहून गावी परतलेल्या माणसांना गावोगाव छळ सोसावा लागला होता. वाळीत टाकण्याची ही रीत आमच्या जिल्ह्याला नवी नाही, आणि ती एकाच जातीपुरती राहिलेली नाही. निवडणुकीत दुसऱ्या बाजूला उभा राहिला, गावकीचा दंड भरला नाही, मनाप्रमाणे लग्न केले, अशा कारणांवरून घरेच्या घरे वाळीत टाकली गेल्याच्या इतक्या तक्रारी रायगडमधून पुढे आल्या की, २०१६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. कागद पुन्हा एकदा जागेवर आहेत.

काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीचे एक कुटुंब या कायद्याखाली तक्रार घेऊन एका कचेरीत गेले होते. तक्रारीत दम नाही असे त्यांना कोणी सांगितले नाही. ‘गावातच मिटवून घ्या, उगाच कशाला वाढवता,’ एवढेच सांगितले गेले. ते मिटवायला गेले, तेव्हा गावकीने दंडाची रक्कम वाढवली होती. पुढे त्यांनी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, पुन्हा अर्ज दिला, आणि एका वकिलाने फुकट काम पाहिले तेव्हा कुठे गुन्हा दाखल झाला. या सगळ्या काळात त्या घरातल्या म्हातारीला किराणा मिळत नव्हता, ती दोन मैल चालून दुसऱ्या गावच्या दुकानात जात होती. तिने कोणाला शिवी दिली नाही आणि दगडही मारला नाही. पोच असलेले अर्जाचे कागद मात्र तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते, आणि खटल्यात शेवटी तेच कामी आले.

म्हणून शताब्दीच्या आयोजकांना माझ्या काही सूचना आहेत. तळ्याच्या काठावर दाव्याचे कागद, म्हणजे वादपत्र, मनाई हुकूम, कैफियत आणि तिन्ही न्यायालयांचे निकाल, सुबोध मराठीत कायमस्वरूपी मांडावेत. पाणी पाहायला आलेल्या शाळकरी मुलाला ते पाणी कोणत्या कागदांवरून वाहत आले तेही दिसू द्या. २७ डिसेंबरच्या मिरवणुकीची, पाण्याला हात न लावता गेलेल्या माणसांची, काही तरी खूण तिथे असावी. जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीत बहिष्कारविरोधी कायद्याची माहिती आणि तक्रार कोणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचे पद ठळक अक्षरांत लावावे. त्याला खर्च एका फलकाचा येतो. आणि महाडसह सर्व नगरपालिकांनी शताब्दीच्या वर्षात निदान एवढे करावे की, मागील दहा वर्षांत मंजूर झालेले आणि अमलात न आलेले आपले ठराव एका यादीत प्रसिद्ध करावेत. १९२४ चा ठराव त्या यादीत सर्वांत वर लिहिला तरी चालेल.

आपल्याकडेही एक विनंती आहे. २० मार्च २०२७ चा विशेषांक आपण काढालच. त्याच्या तीन दिवस आधी, १७ मार्चच्या अंकात, महाडच्या न्यायालयाच्या १९३१ च्या निकालातील वहिवाटीबद्दलचा भाग आणि उच्च न्यायालयाचे निकालपत्र यांचा मराठी अनुवाद छापावा. निकालपत्र फार लांबलचक नाही, आतल्या एका पानावर मावेल. अनुवादाला माणूस मिळत नसेल, तर कोर्टाची मराठी लिहिण्याची सवय मला अजून आहे. मी तो विनामोबदला करून देईन.

कळावे,

आपला एक वाचक
(निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, जिल्हा रायगड)